दारातले अस्वल, माळावरचा मोर

रानातला प्राणी जवळून पाहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. ती भागवण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, प्राण्याला धरून माणसांत आणायचे. दुसरा, माणसाने उठून प्राण्याच्या मुलखात जायचे. महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत पहिला मार्ग आधी भरभराटीला आला आणि नंतर हळूहळू आटत गेला. त्याच काळात दुसरा मार्ग रुंदावत गेला. या बदलामागे कायदे आहेत, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास आहे आणि लोकांच्या मनात वाढलेली करुणाही आहे.

बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातले धर्मापुरी हे असा बदल नीट समजून घ्यायला योग्य ठिकाण आहे. चालुक्य शैलीचे केदारेश्वर मंदिर, त्याच्या बाह्यभिंतींवरच्या सुरसुंदरी आणि गावचा भुईकोट किल्ला यांमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात मोठे प्राणिसंग्रहालय नाही, वाघांचे राखीव जंगलही नाही. अशा भागात वन्यप्राणी लोकांना भेटला तो दोनच ठिकाणी: भटक्या खेळकऱ्याच्या दोरीला बांधलेला, किंवा शेताच्या बांधापलीकडे मोकळा. जिल्ह्याच्या भोवतालची उदाहरणे घेतली की या दोन भेटींमधला फरक स्पष्ट होतो.

दारी येणारे खेळ

सुगी संपली की गावोगाव फिरणाऱ्या जमाती मराठवाड्याच्या जीवनाचा भाग होत्या. नंदीवाला सजवलेला बैल घेऊन येई, माकडवाला डमरू वाजवी, गारुडी टोपली उघडून नाग डोलवी आणि दरवेशी अस्वल नाचवी. अस्वलाच्या पाठीवर लहान मुलाला बसवले की त्याची भीती जाते, अस्वलाचा केस ताईतात घातला की नजर लागत नाही, अशा समजुती घरोघरी होत्या. टीव्ही नव्हता, रस्ते कच्चे होते. गावातल्या मुलाला रानातला मोठा प्राणी हाताच्या अंतरावर पाहण्याची ती एकमेव संधी होती.

त्या खेळामागची पद्धत मात्र क्रूर होती. अस्वलाचे पिल्लू आईपासून तोडून आणले जाई आणि त्यासाठी बऱ्याचदा आईला मारले जाई. त्याच्या नाकाडातून तापलेली सळई आरपार घालून दोरी ओवत. सुळे तोडत किंवा उपटत. दोरीला हिसका बसला की जखम दुखे आणि प्राणी मागच्या पायांवर उभा राही. बघणाऱ्याला जो नाच वाटे, ती वेदना चुकवण्याची धडपड असे. नागाचीही गत अशीच. त्याचे विषदंत काढत, कधी तोंड शिवत आणि उपाशी ठेवून नागपंचमीला दूध पाजत. सापाचे अन्न दूध नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप मिळेल तो द्रव गिळतो आणि पुष्कळदा त्यातच मरतो.

कायद्याने या खेळांना टप्प्याटप्प्याने आवर घातला. १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राणी पकडणे आणि बाळगणे यांवर बंधने आणली. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळात वापरण्यास किंवा त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. सर्कसमालकांनी तिला आव्हान दिले. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची मिरवणूक देशभर प्रसिद्ध होती. २००२ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिचेही स्वरूप पालटले.

पण या प्राण्यांवर पोट असलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न कायद्याच्या कलमांत बसणारा नव्हता. दरवेशी, माकडवाले, गारुडी यांच्याकडे ना जमीन होती, ना दुसरे कसब. देशपातळीवर अस्वले नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांसाठी यातून एक वाट निघाली. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल आणि मुलांना शिक्षण देण्याची पद्धत आखली. अस्वले आग्र्याजवळच्या आणि इतर आश्रयकेंद्रांत गेली. २००९ मध्ये देशातली अस्वल नाचवण्याची प्रथा संपुष्टात आली. एखादी प्रथा बंद करायची, तर तिच्यावर जगणाऱ्यांच्या भाकरीची सोयही करावी लागते, हा या प्रयत्नाचा मोठा धडा आहे. जिथे तशी सोय झाली नाही, तिथे प्राणी सुटला आणि माणूस उघड्यावर पडला.

सर्कस: मराठी माणसाने उभारलेला तंबू

भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी माणसाने केला. कुरुंदवाड संस्थानात अश्वशिक्षक असलेले विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आलेल्या परदेशी सर्कशीचे खेळ पाहिले आणि आपल्याकडेही असे काही उभारायचे ठरवले. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ‘द ग्रेट इंडियन सर्कस’चा खेळ मुंबईत झाला. पुढे महाराष्ट्रात अनेक सर्कशी निघाल्या आणि सांगली, तासगाव, म्हैसाळ हा भाग त्यासाठी ओळखला जाऊ लागला.

पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेल्या दामू धोत्रे यांनी या कलेत जगभर नाव मिळवले. अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स या अग्रगण्य सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे एकाच पिंजऱ्यात घेऊन ते खेळ करीत. भानू शिरधनकरांनी शब्दांकन केलेले त्यांचे ‘वाघसिंह माझे सखेसोबती’ हे पुस्तक मराठी वाचकांनी आवडीने वाचले. त्या काळात वन्यप्राण्याला काबूत ठेवणे हे शौर्य मानले जाई आणि धोत्रे यांच्यासारख्याचे प्राण्यांवरचे प्रेमही खरे होते. आजच्या मोजपट्टीने त्यांची निंदा करणे अन्यायाचे ठरेल. प्राण्यावर प्रेम म्हणजे काय, याची कल्पनाच पुढे बदलत गेली.

शिकवणारा कितीही मायाळू असला, तरी सर्कशीतल्या प्राण्याचे दिवसाचे बहुतेक तास अरुंद पिंजऱ्यात किंवा साखळीवर जात. महिन्या-दोन महिन्यांनी मुक्काम हलला की ट्रक किंवा रेल्वेच्या वाघिणीतून प्रवास. आगीच्या कड्यातून उडी मारणे हे वाघाच्या स्वभावाविरुद्ध आहे, कारण आगीपासून दूर राहणे ही त्याची उपजत प्रेरणा आहे. २००१ च्या निकालानंतर भारतातल्या सर्कशींतून वाघ, सिंह, अस्वले गेली. बाहेरच्या जगातही वारे याच दिशेने वाहत होते. बोलिव्हियाने २००९ मध्ये सर्कशीत कोणताही प्राणी वापरण्यास बंदी घातली. ज्या रिंगलिंग सर्कशीत धोत्रे यांनी नाव कमावले, तिने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबवले, २०१७ मध्ये तंबूच गुंडाळला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती एकाही प्राण्याशिवाय. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांनाही परवानगी नाकारली.

शिकारखान्यापासून प्राणिसंग्रहालयापर्यंत

प्राणी बाळगणे हे राजसत्तेचे लक्षणही होते. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने १७९० मध्ये काढले. सामान्य माणसाला तिकीट काढून प्राणी पाहता यावेत, ही सोय इंग्रजी अमलात आली. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. पुण्याचे पेशवे पार्क १९५३ चे. मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ पाहिला तो छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि सिद्धार्थ उद्यान ही शाळेच्या सहलीची ठरलेली वाट होती.

जुन्या प्राणिसंग्रहालयांत गजांचे पिंजरे आणि सिमेंटची जमीन असे. धुऊन काढायला सोपी आणि लोकांना प्राणी सतत दिसेल अशी ही रचना होती. पण त्यात प्राण्याला लपायला जागा नसे, आणि लपण्याची मुभा ही बहुतेक वन्यप्राण्यांची मोठी गरज आहे. अशा कोंडीत राहिलेले प्राणी ठरावीक वाटेने तासन्‌तास येरझाऱ्या घालतात, मान एकसारखी हलवतात, स्वतःचेच केस किंवा पिसे उपटतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक हे कोंडलेपणाचे आणि ताणाचे लक्षण मानतात. हत्ती डोलतो आहे म्हणजे तो खुशीत आहे, असे पूर्वी समजत. साखळीला बांधलेल्या हत्तीचे एकसारखे डोलणे हे बहुधा याच ताणातून येते, हे आता माहीत आहे.

जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांऐवजी खंदकांचा वापर करून मोकळी दालने उभारली आणि जगभर नवी पद्धत रुजली. भारतात १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. प्रत्येक प्रजातीला किमान किती मोकळी जागा हवी, पशुवैद्य, विलगीकरणाची सोय आणि आहार कसा हवा, प्रेक्षकांनी किती अंतरावर थांबावे, हे सारे नियमांनी ठरते. वाघांच्या जोडीसाठी बाहेरचे दालन किमान एक हजार चौरस मीटर असावे लागते. पेशवे पार्कातले प्राणी १९९९ मध्ये सुरू झालेल्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले, तेही अशाच मोकळ्या जागेच्या विचाराने.

२००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती टप्प्याटप्प्याने हलवण्याचे निर्देश दिले. हत्ती रोज कित्येक किलोमीटर चालणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. काँक्रीटवर एकाच जागी उभे राहून त्याच्या तळव्यांना आणि नखांना जखमा होतात, सांधे दुखावतात. सिद्धार्थ उद्यानातल्या सरस्वती आणि लक्ष्मी या हत्तिणी पुढे विशाखापट्टणमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवण्यात आल्या. त्यांना पाहत वाढलेल्या शहराला हुरहूर लागली, पण प्रशस्त जागा ही त्यांची गरज होती.

आजच्या प्राणिसंग्रहालयाचे समर्थन करमणुकीच्या आधारावर होऊ शकत नाही. दुर्मीळ प्रजातींची पैदास, संशोधन, जखमी प्राण्यांचा सांभाळ आणि लोकशिक्षण या चार कामांवरच ते टिकते. जे प्राणिसंग्रहालय ही कामे मनापासून करते, त्याला समाजात स्थान आहे. जे केवळ तिकिटासाठी प्राणी दाखवते, त्याचे दिवस सरत आले आहेत.

देवाचा हत्ती

सर्कस आणि प्राणिसंग्रहालय यांपेक्षा नाजूक प्रश्न देवस्थानांच्या हत्तींचा आहे, कारण तिथे श्रद्धा गुंतलेली असते. हत्ती मराठी मनात किती खोल रुजला आहे, हे धर्मापुरीच्या जवळच्या अंबाजोगाईतही दिसते. तिथली शिवलेणी हत्तीखाना या नावाने ओळखली जाते, कारण तिच्या अंगणात दगडात कोरलेले भव्य हत्ती उभे आहेत. दगडातला हत्ती शतकानुशतके उभा राहू शकतो. जिवंत हत्तीला ते जमत नाही.

कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानाला अर्पण झालेल्या सुंदर या हत्तीला साखळदंडात ठेवून मारहाण होत असल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि जून २०१४ मध्ये त्याला कर्नाटकातल्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवण्यात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीचा प्रश्न उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात पाठवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ती निघाली तेव्हा सारा परिसर रडला. हजारो लोक तिच्या परतीसाठी रस्त्यावर उतरले. नांदणी परिसरातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी पुढे वनताराने दाखवली.

या दोन प्रकरणांच्या मधल्या काळात चर्चेचा सूर बदललेला दिसतो. नांदणीच्या लोकांनी हत्तिणीला परत मागितले, तेव्हा तिच्यासाठी उपचार, मोकळी जागा आणि पाणी यांची सोय इथेच करू, असेही सांगितले गेले. तिचे हित पाहायचे, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. वाद होता तो ते हित कुठे आणि कसे साधेल याचा. श्रद्धा आणि करुणा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्याच पाहिजेत असे नाही. ज्या प्राण्याला माणूस देवाचा मानतो, त्याच्या पायाची जखम पाहणे हाही भक्तीचाच भाग आहे.

पाळीव जनावरांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. बैल हजारो वर्षे माणसाच्या सोबत राहिला, त्याच्या अंगात रानाची ओढ उरलेली नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. तरीही चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. म्हणजे पाळीव जनावराबाबत त्याला कसे वागवतो हे तपासले जाते. वन्यप्राण्याबाबत तो मुळात माणसाच्या ताब्यात असावाच का, इथूनच प्रश्न सुरू होतो.

वाघाची चाल

वन्यप्राण्याला किती जागा लागते, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत वाघांनीच चालून दाखवले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली होती. स्वतःचे क्षेत्र शोधत तो तेलंगणाच्या सीमाभागातून, हिंगोली, वाशिम अशा जिल्ह्यांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याने तेराशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले होते. हा सारा प्रवास शेते, कालवे, रस्ते आणि गावांच्या कडेकडेने झाला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहूनच निघालेला दुसरा वाघ बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. बालाघाटच्या लोकांना वाघ ही आजोबांच्या गोष्टीतली चीज वाटत होती. तो पुन्हा त्याच डोंगरांत आला.

शेकडो किलोमीटर चालण्याची क्षमता असलेला प्राणी आणि त्याच्यासाठी ठरवलेले एक हजार चौरस मीटर, या दोन आकड्यांत बंदिवासाचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. दालन कितीही चांगले असले, तरी ते वाघाच्या रोजच्या चालीला पुरत नाही. म्हणून वाघ पाहायचा तर त्याचे रान राखले पाहिजे, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

बालाघाटच्या वाटा

माणसाने प्राण्याच्या मुलखात जाण्याची परंपराही महाराष्ट्रात समृद्ध आहे. गो. नी. दांडेकरांनी पिढ्यांना किल्ल्यांच्या वाटेवर आणले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून लेखन केले आणि वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिली. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता रानाची भाषा मराठीत आणली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. या लेखकांनी वाचकाला एक सवय लावली: प्राण्याला न हलवता, न बोलावता, शांत बसून पाहण्याची.

धर्मापुरीच्या माणसाला त्यासाठी ताडोबापर्यंत जाण्याची गरज नाही. गावचा किल्ला आणि मंदिर आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीचा दरीकाठचा परिसर आहे. धारूरचा किल्ला आहे. मांजरसुंब्याजवळ मन्मथस्वामींच्या समाधीने पावन झालेल्या कपिलधारचा धबधबा आहे. पाटोदा तालुक्यात सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. त्याच तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झाले आणि ते सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नायगावच्या खुरट्या रानात तो पिसारा फुलवतो, तेव्हा त्याच्या पायात दोरी नसते. तो नाचतो लांडोरीसाठी. बघणाऱ्याची तिथे दखलही नसते, आणि या अनुभवाचे मोल त्यातच आहे.

बालाघाटचे रान हे घनदाट जंगल नव्हे. गवताळ माळ, बोरी-बाभळीची झुडपे आणि पानझडी झाडे ही त्याची ओळख. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, सायाळ हे या भूमीचे प्राणी. माळ म्हणजे पडीक जमीन, असा समज झाल्याने त्याची सर्वाधिक हानी झाली. प्रत्यक्षात गवताळ माळ ही एक पूर्ण परिसंस्था आहे. लांडगा आणि चिंकारा तिच्यावरच जगतात. हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर पाहुणे पक्षी उतरतात. पैठणच्या जायकवाडी जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे रोहित आणि पट्टकादंब पाहायला लांबून लोक येतात. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते ठिकठिकाणच्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि नागरिकांना चांदण्यात बसून प्राणी टिपण्याची संधी देते. रात्रभर न बोलता बसणे ही त्याची मुख्य अट असते.

या आनंदाला एक दुसरी बाजूही आहे. शहरातून आलेल्याला हरणांचा कळप सुंदर दिसतो. शेतकऱ्याला मात्र त्यात खाल्लेली तूर आणि तुडवलेली ज्वारी दिसते. हरणे आणि रानडुकरे यांच्यामुळे होणाऱ्या पीकहानीची भरपाई सरकारकडून मिळते, पण पंचनाम्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो आणि मिळणारी रक्कम नुकसानीएवढी असतेच असे नाही. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, तेव्हा जिल्हा हादरला. मोकळ्या वन्यप्राण्याची किंमत जे गाव मोजते, त्या गावाला निसर्गपर्यटनाच्या उत्पन्नात पहिला वाटा मिळायला हवा.

नव्या हौसेचे नवे धोके

पिंजरा गेला म्हणून प्राण्याचा छळ संपला, असे मानता येत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाड्यांच्या वेढ्यात सापडलेली वाघीण आणि दोरीला बांधलेले अस्वल यांच्या स्थितीत फरक आहे, पण बघणाऱ्याची वृत्ती एकच असते: माझ्या पैशाच्या बदल्यात प्राणी मला दिसलाच पाहिजे. ही वृत्ती घेऊन जाणारा माणूस अभयारण्यालाही पिंजरा करून टाकतो.

धबधब्यावर, किल्ल्यावर आणि रानात पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. माकडांना खाऊ घालू नये, कारण त्यामुळे ती माणसांवर धावू लागतात आणि रस्त्यावर गाड्यांखाली येतात. पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नये. आईबाप घाबरून उडतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. मोठ्याने गाणी लावू नयेत, ड्रोन उडवू नये, प्लास्टिक परत आणावे. साप पकडून गळ्यात घालून चित्रफीत काढणे हे जुन्या गारुड्याच्या खेळाचेच नवे रूप आहे, शिवाय ते जिवावर बेतते आणि गुन्हाही आहे. पोपट, मैना, चांदणी कासव, मांडूळ हे घरात ठेवणेही कायद्यात बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे.

मराठवाड्यात हरीण, कोल्हा किंवा बिबट्या विहिरीत पडल्याच्या घटना नेहमी घडतात. अशा वेळी गर्दी हटवावी आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. एकटे दिसलेले पाडस उचलून घरी आणू नये. हरिणी दिवसा पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते आणि परत येते. पाडस अनाथ आहे असे समजून उचलले, की ते खरोखर अनाथ होते. प्राणी जखमी असेल तर तो उपचार केंद्रात गेला पाहिजे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र हे काम करते. जखमी पक्षी-प्राणी बरे करायचे आणि त्यांना पुन्हा रानात सोडायचे, हा अशा केंद्रांचा उद्देश असतो. जुन्नरजवळचे माणिकडोह बिबट निवारा केंद्र आणि नागपूरचे गोरेवाडा केंद्र ही राज्यातली आणखी दोन उदाहरणे. जे प्राणी पुन्हा सोडण्याजोगे उरत नाहीत, त्यांना तिथे आयुष्यभर सांभाळतात. हाही बंदिवासच आहे, पण तो प्राण्याच्या गरजेतून आलेला आहे, प्रेक्षकाच्या नव्हे. कोणत्याही पिंजऱ्याकडे पाहताना हीच कसोटी लावावी.

गावासाठी पुढचे काम

धर्मापुरीसारख्या गावाजवळ वारसा आणि निसर्ग दोन्ही आहेत. मंदिर, किल्ला आणि डोंगरवाटा जोडणारी एक दिवसाची फेरी, पक्ष्यांची नावे आणि झाडांचे उपयोग सांगणारे स्थानिक वाटाडे, घरगुती ज्वारीची भाकरी आणि पिठल्याचे जेवण, एवढ्यावर लहानसे निसर्गपर्यटन उभे राहू शकते. यात मोठी गुंतवणूक लागत नाही. लागते ती माहिती, शिस्त आणि ग्रामसभेचा ठराव: फेरीला किती माणसे न्यायची, कोणत्या महिन्यांत कोणती वाट बंद ठेवायची, गायरानातले गवत कोणत्या पट्ट्यात राखायचे, जमा होणाऱ्या पैशातून पाणवठे आणि पीकहानी यांसाठी किती बाजूला काढायचे.

ज्या भटक्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या प्राण्यांवर पोट भरले, त्यांना या कामात अग्रक्रम मिळाला पाहिजे. प्राण्याचा माग, आवाज, सवयी आणि औषधी झाडे यांचे त्यांचे ज्ञान मोठे आहे. गारुड्याच्या घरातला तरुण वनखात्याचे प्रशिक्षण घेऊन अधिकृत सर्पमित्र होऊ शकतो, माकडवाल्याच्या घरातली मुलगी पक्षीनिरीक्षणाची मार्गदर्शक होऊ शकते. शाळांनी सहलीच्या यादीत प्राणिसंग्रहालयाबरोबर जवळचा माळ, तळे आणि उपचार केंद्र यांचा समावेश करावा. वर्षभर एकाच तळ्यावरचे पक्षी नोंदवणारा वर्ग दिवसभरात शंभर पिंजरे पाहणाऱ्या वर्गापेक्षा जास्त शिकतो. प्राण्यांचे स्वातंत्र्य, माणसांची उपजीविका आणि मुलांचे शिक्षण ही तिन्ही कामे अशा रीतीने एकाच गावात, एकाच योजनेतून करता येतात.